वाल्डानं बंद केलेला आवाज

वाल्डाच्या हाताखाली तीन कॉम्प्युटर होते आणि तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. तिच्या टेबलावरचा मॅक कुठल्याशा सरकारी योजनेतून आला होता. प्रक्षेपणाच्या खोलीतला विंडोजचा. तो रेडिओ सुरू झाला तेव्हापासून तिथेच धूळ खात, गाणी वाजवत बसलेला. आणि मागच्या सामानाच्या खोलीत, जुन्या कॅसेट उतरवून घ्यायच्या कामाचा जो होता, त्यात एका दाढीवाल्या स्वयंसेवकानं लिनक्स घालून दिलं होतं. का, तर ते फुकट मिळतं. पहिल्या उन्हाळ्यातच दाढीवाला पळाला. लिनक्स राहिलं.

वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीचा, ईगल बोअरचा रेडिओ म्हणजे एक पत्र्याची इमारत, एक मनोरा आणि वाल्डा. मॅनेजर शहरातून यायचे, भिंतीवर कॅलेंडर लावायचे आणि ते उलटायच्या आत परत जायचे. वाल्डा मात्र तिथलीच. पायात पुरुषी बूट, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, भर उन्हातही डोक्यावर फुटबॉल संघाची लोकरी टोपी. तिला कुणी कॉम्प्युटर शिकवला नव्हता. तिनं त्यांना शिव्या घालून घालून त्यांच्याकडून शिकून घेतलं होतं.

आणि शिव्या घालाव्यात अशीच ती मंडळी. मॅकनं तयार केलेली डिस्क विंडोज उघडायचा नाही. गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह असलं की विंडोज ते गाणं दारातच अडवायचा. लिनक्सला तर मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी माणसं वाटायची, त्यामुळे एकच गाणं तिथे जुळ्या भावासारखं दोनदा. वाल्डा म्हणायची, "वेगवेगळ्या मुलखातून लग्न करून आलेली माणसं आहेत ही. एकानं ज्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याकडे दुसरा डोळे फाडून बघतो. आपल्यात जावई सासूसमोर येत नाही. हा विंडोज सासूच्या मांडीवर जाऊन बसेल!"

लोक हसायचे. पण यात हसण्यासारखं फार नव्हतं, हे वाल्डालाच ठाऊक होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत. फोटो झाकतात, आवाज बंद करतात. त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असेल, तर त्यालाही तेवढ्या काळापुरतं 'कुमंजयी' म्हणायचं. गेलेल्यालाही तेच म्हणायचं. किती काळ, ते घरचे ठरवतात. एका वर्षी एक म्हातारे गायक गेले. वाल्डानं त्यांची गाणी दोन कॉम्प्युटरांवरून काढली. तिसऱ्यावर एक राहून गेलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते सगळ्या वस्तीत वाजलं. त्या दिवशी माइकवर जो माणूस बसला होता, तो पुन्हा ईगल बोअरला दिसला नाही. त्याच्या घराला अजून दार नाही. आत कुत्री राहतात.

म्हणून वाल्डानं हट्ट धरला. तीन ठिकाणी तीन ढीग नकोत, सगळी गाणी एका जागी हवीत. मॅनेजरांच्या मागे लागून तिनं एक काळा डबा मागवला. आत डिस्क आणि मागे वायर, तिन्ही कॉम्प्युटरांना सारखाच उघडता येणारा. मग वाळवंटातल्या बँडांची गाणी, चर्चची भजनं, म्हाताऱ्यांच्या कॅसेटवरची जुनी गाणी असं सगळं तिनं त्यात भरलं आणि तिन्हीकडचे ढीग पुसून टाकले. एक डबा, एक कुलूप. डबा प्रक्षेपणाच्या खोलीत ठेवला, कारण थंड हवेचं यंत्र चालू स्थितीत तेवढ्याच खोलीत होतं.

यंदा पहिल्या गरम वाऱ्याच्या सुमारास वाल्डाच्या बहिणीचा, रोझिताचा धाकटा मुलगा गेला. रस्त्यावर, गाडी उलटून. तो गायचा. कसा गायचा ते सांगायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि ते इथे येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ क्लिफर्ड रेडिओच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. आमच्याकडे मावशी ही आईच, म्हणून तो तिला धाकटी आई म्हणायचा.

"धाकटी आई, त्याचा आवाज बंद कर."

"करते."

"सगळीकडून. त्या नाताळासारखं नको."

"आता सगळीकडे नाहीच रे. एकच डबा आहे. एकदा बंद केलं की झालं."

"नक्की?"

"विश्वास नसेल तर तूच बस. बोटं चालव."

एरवी क्लिफर्ड हसला असता. त्यानं फक्त मान हलवली, मग प्रक्षेपणाच्या खोलीच्या दाराला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. धाकटा दर शनिवारी त्याच खोलीत बसून गायचा. धुरी दिल्याशिवाय आता तिथे कुणी पाऊल टाकायचं नव्हतं. आत विंडोज आपोआप चालत राहणार होता, भजनं लावणार होता, आणि दुपारी दफनविधीची सूचना देणार होता. रेडिओ पुरता बंद करून चालणार नव्हतं. लांबलांबचे नातेवाईक त्या सूचनेवरच तर गाड्या काढतात.

वाल्डा सामानाच्या खोलीत लिनक्ससमोर बसली. गाणी पुसायची नव्हती. आवाज झोपवायचा असतो, मारायचा नसतो. एक दिवस रोझिता म्हणेल, उघडा आता. दाढीवाला जाताना एक गोष्ट शिकवून गेला होता: फोल्डरच्या नावाआधी टिंब दिलं की फोल्डर झाकला जातो. आपल्या जागी असतो, पण दिसत नाही. वाल्डाला ही युक्ती आपल्याच कुणी म्हाताऱ्यानं शोधल्यासारखी वाटली. तिनं फोल्डरवरचं भाच्याचं नाव पुसलं, त्या जागी 'कुमंजयी' लिहिलं आणि आधी टिंब दिलं. फोल्डर नाहीसा झाला. तिनं आपल्या टेबलावर जाऊन मॅकवर पाहिलं. तिथेही नाही.

तिसरा बघायचा राहिला. तो साखळीमागे होता. वाल्डा दाराशी थोडा वेळ उभी राहिली. आत पंखा घरघरत होता. दोघांना दिसत नाही तर तिसऱ्याला काय दिसणार, असं तिनं स्वतःला समजावलं आणि दुखवट्याच्या तळावर निघून गेली.

तळ वस्तीच्या पश्चिमेला, मुल्गाच्या झाडांत. ताडपत्र्या, घोंगड्या, विझत आलेल्या चुली. बायकांनी अंगाला पांढरी माती फासलेली. रोझितानं केस कापून टाकले होते आणि ती तोंडावरून घोंगडी ओढून पडून होती. रेडिओ सगळे बंद, फोनही बंद. दिवस एकमेकांत मिसळून गेले. कुणी चहा आणला तर प्यायचा, कुणी रडायला लागलं तर रडायचं. वाल्डा बहिणीच्या पायाशी बसायची. तिला एकदोनदा साखळीमागची घरघर आठवली. आठवण तिनं माशीसारखी हाकलली. माशी परत आली.

मग एका दिवशी, दुपार व्हायच्या सुमारास, नवा मॅनेजर डंकन आला. त्याला येऊन पंधरवडाही झाला नव्हता. दिलदार पोरगा, नाकावर ऊन लागून सालपटं निघालेली. बिस्किटांचा डबा हातात धरून तो झाडांच्या पलीकडेच थांबला, कारण पुढे यावं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाल्डा उठून त्याच्याकडे गेली.

"वाल्डाबाई, त्रास द्यायला नाही आलो. फक्त आभार मानायचे होते."

"कशाचे?"

"अहो, एवढ्या दुःखातसुद्धा तुम्ही काम केलंत! मशीननं मला मेल पाठवलाय. आठवड्याची तपासणी झाली, त्यात नवी गाणी सापडली म्हणे. अख्खा अल्बम."

"मी काही नवीन टाकलेलं नाही."

"टाकलंय की." त्यानं फोन काढला. "हे बघा. टिंब, कुमंजयी. बँडचं नाव का? झकास आहे. आज दुपारच्या सूचनेनंतर नव्या गाण्यांचा तास आहे ना, मशीननं आपलं आपणच सगळ्यात वर लावलंय."

वाल्डानं मागे वळून पाहिलं. रोझिताची घोंगडी हलली नव्हती.

"हळू बोल," ती म्हणाली. "आणि ते नाव परत घेऊ नकोस. ते बँडचं नाही."

डंकनचा चेहरा हळूहळू उतरत गेला. वाल्डा तोवर चालायला लागली होती. चालता चालता तिला सगळं उलगडत गेलं आणि पायाखालची वाळू तापत गेली. टिंबाचं भय मॅकला आणि लिनक्सला. विंडोजला टिंब म्हणजे नावातलं आणखी एक अक्षर, बस्स. त्याच्या हिशेबी जुना फोल्डर मेला आणि एक नवा जन्माला आला. नव्याला आधी संधी द्यायची, असं वाल्डानंच त्याला कधीतरी शिकवून ठेवलं होतं. तरुण पोरांची गाणी मागे पडू नयेत म्हणून. झाकायला गेली आणि तिनं पोराला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं.

"आता कुणी ऐकत तरी असेल का?" मागून धावत येत डंकन म्हणाला. "तळावर तर सगळे रेडिओ बंद आहेत."

वाल्डानं हनुवटीनं पश्चिमेकडे दाखवलं. क्षितिजावर धुळीचा पट्टा उठला होता. पोराच्या बापाकडची माणसं येत होती, त्याच्या आत्या आणि चुलते, गाड्यांमागे गाड्या. "त्या प्रत्येक गाडीत आपला रेडिओ चालू आहे. दफन कधी, ते ऐकायला. सूचना ऐकतील आणि पाठोपाठ तोच गायला लागेल. बापाच्या बहिणींच्या कानात. त्याला अजून मातीही दिलेली नाही."

डंकननं पाय उचलले.

अंगाला पांढरी माती फासलेली बाई भर दिवसा वस्तीतून चालली की लोक नजर फिरवतात. दुकानापुढची माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एरवी गाडीमागे धावणारी कुत्रीसुद्धा उठली नाहीत. कुणी विचारलं नाही, वाल्डा, तू इथे कशी? पण सगळ्यांनी पाहिलं होतं. तळ सोडून आलेली बाई म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं समजायला आमच्याकडे रेडिओ लागत नाही.

सामानाच्या खोलीत ती लिनक्ससमोर बसली, झाकलेला फोल्डर शोधून काढला आणि डब्यातच, विंडोज जिथे गाणी शोधत नाही अशा कोपऱ्यात, सरकवून ठेवला. बोटांची माती कीबोर्डला लागली. "गेलं," ती म्हणाली. "आता त्याला काही सापडणार नाही."

डंकन दारात उभा होता. त्यानं ओठ चावला. "सापडायची गरज नाही, वाल्डाबाई. वायर अधूनमधून तुटते म्हणून आधीच्या मॅनेजरनं सोय करून ठेवलीय. मशीन येत्या तासाची गाणी आधीच स्वतःकडे उतरवून घेतं."

"स्वतःकडे म्हणजे?"

"आत. त्याच्या पोटात."

भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून भजन चालू होतं. ते संपलं की सूचना. वाल्डानं जाऊन दाराची साखळी खेचली. साखळी हलली, कुलूप नाही. क्लिफर्ड किल्लीसकट पश्चिमेच्या रस्त्यावर पाहुण्यांना घ्यायला गेला होता.

"वीज तोडू?" डंकन म्हणाला.

"बॅटऱ्या आहेत. मीच बसवून घेतल्या. वीज गेली तरी रेडिओ जाऊ नये म्हणून." वाल्डा हसल्यासारखं काहीतरी करून गेली. "फार शहाणी ना मी."

भजन संपलं. क्लिफर्डच्याच आवाजात आधी रेकॉर्ड करून ठेवलेली सूचना सुरू झाली: कुठे जमायचं, नदीच्या कोरड्या पात्रातली कुठली वाट चालू आहे, कुणी काय आणायचं. सावकाश बोललेली, वाक्यावाक्याला थांबलेली. वाल्डा इमारतीमागे गेली. लाकडाच्या ढिगावर कुऱ्हाड होती. भिंतीच्या भोकातून जाडजूड काळी वायर निघून मनोऱ्यावर चढत होती. दोन-तीन घाव वरवरच गेले. नुसतं रबर सोललं. आतून डंकन ओरडला, "सूचना संपली!" आणि त्याच्या ओरडण्यामागून गिटार आली. संथ, वाळूत पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखी. मग गाणारा पहिला शब्द उच्चारण्याआधी घेतो तो श्वास.

घाव बसला. वायर तुटून सापासारखी भिंतीवर आपटली.

स्पीकरमध्ये तो गातच होता, कारण स्पीकर आतल्या वायरीवर होता. डंकननं तो भिंतीतून उपटून काढला. मग सगळं शांत झालं.

"पोचलं नसेल," डंकन म्हणाला. "नुसती गिटार. कुणाची पण असू शकते."

वाल्डानं कुऱ्हाड खाली ठेवली. आपल्या घरातल्या माणसाचा श्वास कुणाला कळत नाही?

ती तळावर परतली तेव्हा गाड्या येऊन थांबल्या होत्या. एरवी पाहुणे दार उघडतात तेच रडत. बायका बायकांच्या गळ्यात पडतात, धूळ आणि आसवं एक होतात. आज दारं बंद होती. इंजिनं बंद, काचा वर. आत माणसं समोर बघत बसलेली. क्लिफर्ड पहिल्या गाडीच्या बॉनेटजवळ उभा होता आणि त्याच्याशीही कुणी काच खाली करून बोलत नव्हतं. तळावरच्या बायका रडायच्या थांबल्या. रोझिता घोंगडी बाजूला सारून उठून बसली होती.

बऱ्याच वेळानं पोराची आत्या, मेझी, उतरली. हातात काठी. ती क्लिफर्डला ओलांडून आली, रोझिताला ओलांडून आली आणि वाल्डासमोर उभी राहिली. वाल्डानं टोपी काढली, मांडी घातली आणि मान खाली केली.

"कुणी लावलं?" मेझीनं विचारलं.

"मी."

"त्या मशीननं लावलं!" मागून डंकन म्हणाला. "वाल्डाबाईंची यात काही—"

"तू गप," वाल्डा म्हणाली. "मशीनला नातेवाईक नसतात. मला आहेत."

"तोडलं कुणी?"

"तेही मीच."

काठी वर गेली आणि वाल्डाच्या खांद्यावर उतरली. एकदाच. आणि तीही जेमतेम, धूळ झटकावी तशी. मेझी वळली, रोझिताशेजारी जाऊन बसली आणि दोघी रडायला लागल्या. मग एकेक करून गाड्यांची दारं उघडली. वाल्डा तिथेच बसून राहिली. पुरता मार बसला असता, रक्त आलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तसंच मिटतं आमच्यात. अर्धा मार म्हणजे उरलेला अर्धा कुठेतरी शिल्लक आहे. कधी येईल, कुणाकडून येईल, कुणावर येईल, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी क्लिफर्ड तिच्याशी बोलला नाही. दफन झालं तेव्हाही नाही.

दफनानंतर प्रक्षेपणाच्या खोलीला धुरी दिली. हिरव्या फांद्यांचा पांढरा धूर दारातून लोटला. क्लिफर्ड आत शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तो काळा डबा होता. वायरी लोंबत होत्या. गेलेल्याच्या वस्तू घरात ठेवायच्या नसतात. लांबच्या नातेवाइकांना द्यायच्या, नजरेआड करायच्या. त्याच्या घोंगड्या आणि गिटार आधीच मेझीच्या गाडीच्या टपावर बांधून झाली होती.

वाल्डा पुढे झाली. "क्लिफर्ड, त्यात त्याचा एकट्याचा आवाज नाही रे. सगळ्यांचा आहे. म्हाताऱ्यांच्या कॅसेटही आता कुठे उरल्या नाहीत, उंदरांनी खाल्ल्या. जे आहे ते एवढ्यातच आहे."

"आणखी कुठे नाही?"

"नाही. मीच पुसलं. एका जागी असावं म्हणून."

क्लिफर्डनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "धाकटी आई, तो यात कुठे आहे आणि कुठे नाही, हे तू मला नक्की सांगू शकशील?"

वाल्डानं तोंड उघडलं. काही दिवसांपूर्वी तिनं चटकन हो म्हटलं असतं, वर टोमणाही मारला असता. आता तिला टिंब आठवलं, पोटात उतरवून घेतलेली गाणी आठवली, आणि हो म्हणायला जीभ वळेना.

"नाही," ती म्हणाली.

मेझी गाडीत बसली होती. क्लिफर्डनं खिडकीतून डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो टॉवेलात गुंडाळला. पश्चिमेचा रस्ता म्हणजे पन्हाळी पत्र्यासारखा. गाडीतल्या माणसाचे दातसुद्धा खिळखिळे होतात. आणि ऊन तर काचेतून भाजून काढतं.

"उन्हात ठेवू नकोस," वाल्डा म्हणाली. "पाण्याजवळही नको. आणि कुणी विचारलं तर आपल्या कॉम्प्युटरला लावू देऊ नकोस. कुठलाही कॉम्प्युटर असो."

मेझीनं काच वर केली. कधी परत आणणार, हे वाल्डानं विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. गाडी निघाली, मागून दुसरी, तिसरी. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी राहिली. डंकन हळूच म्हणाला की वायर जोडता येईल, दोन दिवसांचं काम आहे. वाल्डानं मान हलवली. वायर जोडून वाजवायचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती तळाकडे निघाली. वाटेत क्लिफर्डच्या घरापाशी त्याचे चुलतभाऊ बसले होते. तिला येताना पाहून ते बोलायचे थांबले आणि ती पार पुढे जाईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.